जेवणाच्या सुटीतले तत्त्वज्ञान



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला की श्रोते मनातल्या मनात मागण्यांची यादी ऐकण्याची तयारी करतात. ती यादी आज आम्ही कचेरीतच ठेवून आलो आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'तत्त्वज्ञान' असे उत्तर दिले, आणि त्यावर पलीकडे जरा वेळ कोणीच बोलले नाही. त्या शांततेचा अर्थ आम्हाला कळला. तत्त्वज्ञान म्हटले की जाड भिंगाचा चष्मा, जाड पुस्तके आणि त्याहून जाड शब्द डोळ्यांपुढे येतात. आमचे शिक्षण तर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी झालेले. तेव्हा चालकांना काळजी वाटली असेल तर तो त्यांचा दोष नव्हे.

म्हणून प्रथम हद्द आखून घेऊ. तत्त्वज्ञानाचे मोठमोठे वाडे आहेत. वेदान्ताचा आहे, ग्रीकांचा आहे, जर्मनांचा आहे. त्या वाड्यांत शिरण्याचा आमचा दावा नाही. आम्ही बोलणार आहोत ते वाड्याबाहेरच्या कट्ट्यावर चालणाऱ्या तत्त्वज्ञानाविषयी. हातातल्या लहानशा वस्तूला मोठा प्रश्न विचारावयाचा, आणि विचारताना स्वतःलाही हसावयाचे, एवढीच त्याची रीत. असे तत्त्वज्ञान आम्ही कारखान्यांतून पुष्कळ ऐकले, आणि ऐकता ऐकता आमची अशी खात्री झाली की माणसाच्या हक्काचा पहिला उच्चार बहुधा थट्टेतच होतो. आजच्या बोलण्याचा मुद्दा तो एवढाच. पुढचे सारे त्याचे दाखले समजावेत.

हे खूळ काही आम्ही नव्याने काढलेले नाही. महाराष्ट्रात तर विचार धंद्याच्या हत्यारांच्या संगतीतच वाढला. नामदेव शिंपी, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार, गोरा कुंभार. ही नावे ओळीने घेतली की एखाद्या कारखान्याचा हजेरीपट वाचल्यासारखे वाटते. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती, ती कथा आपणांस ठाऊकच आहे. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि हे कशाचे म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के हे त्याने कळते, असे काका म्हणाले. मग आमचीही मडकी तपासा, असा आग्रह झाला आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे वाजवीत तपासणी चालविली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले, आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले! कारखान्याच्या भाषेत ही मालाची तपासणीच झाली. फरक इतकाच, की नापास झालेला माल भंगारात न जाता गुरू शोधावयास निघाला. तो गुरू म्हणजे विसोबा खेचर. ते देवळात पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, की बाबा, आम्ही म्हातारे झालो, जिथे देव नाही अशा जागी आमचे पाय तूच उचलून ठेव. आता अशी जागा शोधावी कुठे? सर्वव्यापी ईश्वराचा सिद्धान्त एका आळशी म्हाताऱ्याच्या पायांत आणून ठेवणारी ही कथा सांगताना आपले लोक शेकडो वर्षे हसत आले आहेत. या हसण्याने सिद्धान्ताचे काही बिघडले नाही, उलट तो शेतावरच्या माणसालाही पाठ झाला.

परंतु हत्याराला प्रश्न विचारावयाचा तर हत्यार क्षणभर खाली ठेवता आले पाहिजे. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ फुरसत असा आहे. विद्येला फुरसत लागते हे ग्रीकांना कळले होते, पण त्यांच्या फुरसतीचे ओझे गुलामांच्या पाठीवर होते. ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी अशी कल्पना केली आहे, की धोटे जर आपोआप विणू लागले तर धन्यांना गुलामांची जरूर राहणार नाही. पुढे धोटे खरोखरच आपोआप धावू लागले, मुंबईत तर हजारोंनी धावले. परंतु त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला फुरसत काही मिळाली नाही. ती मागावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला रविवारची सुटी, रोज दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि अपघाताची भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलात पुन्हा सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

या यादीतल्या अर्ध्या तासाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. ज्याला आपण जेवणाची सुटी म्हणतो ती दुपार काही आकाशातून पडलेली नाही. ती कोणी तरी सह्या गोळा करून मागितली आहे. आणि आमच्या मते कामगारांच्या तत्त्वज्ञानाचे विद्यापीठ म्हणजे हाच अर्धा तास. डबा पंधरा मिनिटांत संपतो. उरलेल्या पंधरा मिनिटांत जे बोलणे होते त्यातले दोनतीन विषय आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला विषय हातोडीचा. एका कारखान्यात एक जुना फिटर आपली हातोडी कोणाला देत नसे. ही आमच्या वडिलांची हातोडी आहे, असे तो मोठ्या अभिमानाने सांगे. एकदा कोणी तरी खोदून विचारले तेव्हा कळले की हातोडीचा दांडा तीनदा बदलला आहे आणि डोके दोनदा. झाले! त्या दिवशीच्या सुटीत दोन तट पडले. एक म्हणे, ही हातोडी वडिलांची उरलीच कुठे? दुसरा म्हणे, दांडा बदलला तेव्हा डोके जुने होते आणि डोके बदलले तेव्हा दांडा जुना होता, मग वडील गेले नेमके कोणत्या दिवशी ते सांगा. आम्हाला पुढे वाचनात असे आढळले की हा वाद अथेन्समध्ये फार पूर्वी होऊन गेला आहे. थीसियसच्या जहाजाच्या कुजक्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा ते जहाज तेच की दुसरे यावर तिथले तत्त्वज्ञ भांडत असत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आमच्या फिटरला प्लुटार्क ठाऊक नव्हता आणि प्लुटार्कला आमचा फिटर. पण दोघांचे एकमेकांशी चांगले जमले असते.

गोष्ट इथेच संपती तर ती नुसती करमणूक झाली असती. पण त्या घोळक्यात एक कंत्राटी कामगार बसला होता. तो म्हणाला, "तुमच्या हातोडीचे सगळे बदलले तरी ती तीच. माझे उलटे आहे. यंत्र तेच, जागा तीच, मुकादम तोच, मीही तोच. दर वर्षी फक्त ठेकेदाराच्या नावाचा कागद बदलतो, आणि म्हणतात की हा नवा माणूस!" सगळे हसले, आणि हसता हसता गप्प झाले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सलग पाच वर्षांच्या नोकरीची अट घातली होती. कागदोपत्री दर वर्षी नव्याने जन्मणाऱ्या माणसाची पाच वर्षे भरावयाची कशी? पुनर्जन्मावर आमचा फारसा विश्वास नाही, पण ठेकेदाराच्या वहीत तो वर्षातून एकदा नेमाने घडतो असे आम्ही पाहिले आहे. माणूस तोच की दुसरा, हा अथेन्सचा प्रश्न इथे भाकरीचा प्रश्न झाला. आणि तो प्रथम अर्जात लिहिला गेला नव्हता, डब्यांभोवती थट्टेत निघाला होता. अर्ज मागाहून आला.

दुसरा विषय वेळेचा. किती वाजले, हा प्रश्न आपण दिवसातून दहादा विचारतो आणि त्यात काही गूढ आहे असे आपल्याला वाटत नाही. मुंबईकरांना मात्र एकेकाळी तो फार गूढ वाटला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. आता गिरणीचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले म्हणजे काय झाले? सूर्य जिथे होता तिथेच आहे, कोंबडा आपल्या वेळेस आरवतो आहे, माणूस नेहमीप्रमाणे उठून निघाला आहे, आणि तरी फाटकाशी पोचतो तो उशीर झालेला! माणूस चुकला नाही, घर लांब गेले नाही, पण उशीर मात्र खरा. त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले, दगडफेकही झाली. शहरात १५ हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. मुंबईच्या महापालिकेने तर आपली जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक दशके जतन करून ठेवली. एकाच शहरात आगगाडीचे बारा निराळे आणि पालिकेचे बारा निराळे, असा संसार चालला.

आज आपण यास हसतो, आणि हसावेच. पण त्या कामगारांच्या प्रश्नाला उत्तर काय द्याल? वेळ कोणाच्या मालकीची? सूर्याची म्हणावी, तर लोखंड्यांच्या अर्जात कामाचा शेवट सूर्यास्ताने ठरत होता, म्हणजे उन्हाळ्यात तो मुकादम अधिक कडक. घड्याळाची म्हणावी, तर त्याचे काटे कोणाच्या हाती आहेत हे आधी पाहिले पाहिजे. आमच्या ओळखीचे एक वयस्क जॉबर म्हणत, "घड्याळ खोटे बोलत नाही, पण ते कोणाच्या भिंतीवर आहे हे बघून घ्यावे." वेळेविषयी जर्मन पंडितांनी लिहिलेले थोडे आम्ही वाचले आहे. भिंतीचा हा मुद्दा आम्हाला तरी त्यात सापडला नाही.

तिसरा विषय नियमांचा. आपण म्हणाल, नियमात गमतीचे काय आहे? आमच्या धंद्यात एक शस्त्र आहे, त्याचे नाव 'नियमानुसार काम'. संपात काम बंद असते. यात काम बंद नसते. उलट कंपनीने जे जे छापून भिंतीवर लावले आहे ते ते सारे कामगार तंतोतंत पाळतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भाग तपासून नोंद करावी, असे लिहिले असेल तर प्रत्येक भाग तपासतात. हत्यार बदलण्यापूर्वी लेखी चिठ्ठी घ्यावी, तर चिठ्ठीसाठी रांग लावतात. मार्गात तेल सांडले असल्यास पुसल्याखेरीज पुढे जाऊ नये, तर थांबून पुसतात. आणि दोन दिवसांत उत्पादन निम्म्यावर येते! मग साहेब खाली येतात आणि काकुळतीने म्हणतात, की अहो, थोडे समजून घ्या.

श्रोतेहो, या वाक्यात केवढे तत्त्वज्ञान आहे पाहा. ज्यांनी नियम केले तेच म्हणतात, की नियम पाळू नका, समजून घ्या. याचा अर्थ असा, की कारखाना नियमांवर चालतच नव्हता. तो रोज शेकडो माणसांच्या समजूतदारपणावर चालला होता. कोणते बोल्ट जरा जास्त आवळावयाचे, कोणत्या आवाजाला घाबरावयाचे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करावयाचे, हे ज्ञान कुठल्याच कागदावर नसते. ते हाताला असते. पगारपत्रकात 'समजूत' या सदराखाली एक रुपयाही मांडलेला आम्ही अद्याप पाहिला नाही, पण ती काढून घेतली की सारे उभे राहते. कामगाराला आपली किंमत कळावयाची तर दोन दिवस आज्ञाधारक व्हावे लागते, हा विनोद आम्ही रचलेला नाही, तो व्यवहारानेच रचला आहे.

इथवर ऐकून आपणांस वाटेल की हा घोळका म्हणजे मोठा सुखाचा संसार होता. तसे मुळीच नव्हते. त्या वर्तुळात कोणाला बसता येत होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरकाव नसे. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की दोरा भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. पिण्याच्या पाण्याची भांडीही निराळी असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे ठेवला. आता तर्क पाहा. धोटा विटाळतो, पण त्या धोट्याने विणलेले कापड विटाळत नाही! ते सारे गाव विकत घेते, अंगावर घालते, देवालाही नेसवते. कापसाला जात नाही, कापडाला जात नाही, मधल्या वीतभर लाकडाला मात्र आहे. या तर्कावर हसावे तर हसू गळ्यात अडकते. तरीही आम्ही म्हणतो की त्यावर हसले पाहिजे, कारण जे गंभीर चेहऱ्याने इतकी वर्षे टिकले, ते हास्यास्पद आहे हे एकदा दिसले म्हणजे त्याचे अर्धे बळ जाते. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र लढावे लागते. ते काम नुसत्या हसण्याने होत नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. आमच्या चळवळीतले काही मित्र थट्टेवर रागावतात. ते म्हणतात, की हसणारा कामगार संतापत नाही, आणि न संतापणारा कामगार लढत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. हल्ली कारखान्यांच्या भिंतींवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे आणि आनंदी राहण्याचे उपदेश लावलेले असतात. पगारवाढ अडली की अशा चित्रांची संख्या वाढते, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा कोणती थट्टा चांगली आणि कोणती वाईट, हे ओळखण्यासाठी आपल्याला गोरोबांचे थापटणे हवे. आमचे थापटणे असे: हसून झाल्यावर पुढे काय येते ते पाहावे. हसण्यानंतर प्रश्न आला तर मडके पक्के. हसण्यानंतर झोप आली तर कच्चे. आणि हसणाऱ्याने आपल्याहून दुबळ्याला हसून घेतले असेल, तर ते मडके भट्टीत घालण्याच्याही लायकीचे नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मनाला लागलेला. हा अर्धा तास हळूहळू विरतो आहे. कारखान्यांत कायम कामगारांची सुटी एका वेळी आणि कंत्राटी कामगारांची दुसऱ्या वेळी, त्यांचे कपडे निराळ्या रंगाचे, अशी व्यवस्था आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. हातोडीचा वाद घालावयास तो फिटर आहे, पण त्याला उलटे उत्तर देणारा पोरगा आता त्या घोळक्यात बसलेला नाही. जे बसलेले आहेत त्यांच्या एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाईल असतो. आणि आपल्या दारी जेवण आणून देणाऱ्या मुलांचे पाहा. उपाहारगृहाच्या दाराशी, दुचाकीवर बसून ती मागणीची वाट पाहत असतात. त्यांच्या पाठीवर दुसऱ्यांचे जेवण असते, आणि स्वतःच्या जेवणाची सुटी मात्र कुठे लिहिलेली नसते. त्यांना कामगार म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. त्यांच्यापैकी एकजण आम्हाला म्हणाला, "काका, आम्ही भागीदार खरे, पण आमच्या वाट्याला भाग कुठला, तर वाट पाहण्याचा!" त्या वाट पाहण्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तिथे घड्याळ भिंतीवरसुद्धा नाही, ते त्याच्याच खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, काटे दुसरा कोणी फिरवतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या तरी आली, हे चांगले झाले. पण व्याख्येने पोट भरत नाही आणि व्याख्येत बसून चार माणसांना गप्पाही मारता येत नाहीत.

तरीही आम्ही निराश नाही. त्या मुलाच्या वाक्यात १८८४ च्या अर्जाचे बीज आम्हाला दिसले. नाव आणि वस्तू यांतला फरक त्याला कळला, तो कळल्याचे हसू त्याला आले, आणि त्याच्या शेजारचे तिघेही हसले. चार जण एकाच गोष्टीला हसले म्हणजे एक लहानशी सभा झालीच. आता कोणी तरी तिचे इतिवृत्त लिहावयास हवे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली तिचा हेतू हाच होता, की चार लोकांनी सायंकाळी एकत्र बसून विचार करावा. तोच प्रकार दुपारी कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत भाकरीबरोबर चालतो, एवढेच आम्हाला सांगावयाचे होते. आपल्या दारी उद्या कोणी डबा घेऊन आला तर त्याला पाणी विचारा, आणि जमले तर हेही विचारा, की बाबा, तू जेवलास केव्हा? प्रश्न अगदी लहान आहे. पण त्याचे खरे उत्तर द्यावयाचे तर सूर्य, घड्याळ, नियम, मालक आणि भागीदार या सगळ्यांचा विचार करावा लागेल. आमच्या समजुतीप्रमाणे यालाच तत्त्वज्ञान म्हणतात.

चालकांनी आम्हाला तासभर दिला होता. आमच्या घड्याळात अजून थोडा वेळ बाकी आहे, पण सभागृहाचे घड्याळ पुढे दिसते आहे, आणि भिंत त्यांची आहे. तेव्हा आम्ही रजा घेतो.